ती क्लिप मला परत पाठवू नका

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने केनेडी खुनाच्या उरल्यासुरल्या फायली खुल्या केल्या आणि तेव्हापासून आमच्या कुडाळ-मालवणच्या ग्रुपांवर एक क्लिप फिरतेय. खून होताना झाप्रुडर नावाच्या बघ्याने टिपलेली फिल्म, एआयने 'फोर-के' केलेली, संथ केलेली, वर लाल बाण आणि मागे ढणढण म्युझिक. खाली ठरलेली कॉमेंट, "मान मागे गेली मां? मगे गोळी फुडसूनच इली!" झाला निकाल. ऑस्वाल्ड या एकाच माणसाने मागून गोळ्या झाडल्या असं सांगणारं चौकशीचं वॉरन कमिशन गेलं उडत.

मी लग्नाच्या शूटिंगवर पोट भरणारा माणूस. दिवसभर टाइमलाइनवर एकेक फ्रेम पुढे-मागे सरकवणं हाच धंदा. म्हणून थोडं बोलतो, राग मानू नका.

आधी त्या 'साफ' केलेल्या प्रतीबद्दल. मूळ फिल्म ८ मिलिमीटरची. तिच्यातली एक फ्रेम करंगळीच्या नखापेक्षा लहान. अब्राहम झाप्रुडर हा डॅलसमधला तयार कपड्यांचा कारखानदार, २२ नोव्हेंबर १९६३ ला हातात चावीचा बेल अँड हॉवेल कॅमेरा घेऊन एका कट्ट्यावर उभा होता. त्याने जे टिपलं ते ४८६ फ्रेम, म्हणजे साडेसव्वीस सेकंदांच्या आसपास. त्या नखभर चित्रात जे उमटलंच नाही, ते एआय कुठून आणणार? ते अंदाजाने भरतं. गेल्या वर्षी एका घरातली जुनी व्हीएचएस कॅसेट मी अशीच सुधारायला घेतली, तर सॉफ्टवेअरने मुंडावळ्यांच्या सावलीतून नवऱ्यामुलाला झकास मिशी काढून दिली. घरच्यांना आवडली, हा भाग वेगळा. पण त्या मिशीवर कोणाला फाशी देऊ नये एवढंच.

आता मूळ फिल्म. लोक तिच्यात मारेकरी शोधतात. माझ्या मते ती घड्याळ आहे, आणि फार चोख घड्याळ. एफबीआयने तो कॅमेरा तपासला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम निघाला. ऑस्वाल्डची म्हणून जी रायफल सापडली तिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावा लागतो, आणि दोन बारांमध्ये कमीत कमी २.३ सेकंद जातात असं चाचणीत दिसलं. म्हणजे साधारण ४२ फ्रेम. आता फिल्म बघा. गाडी रस्त्यावरच्या फलकाआड जाते आणि २२५ च्या सुमाराला केनेडी पुन्हा दिसतात तेव्हा त्यांचे हात गळ्याकडे चाललेत. पुढच्या सीटवरचे टेक्ससचे गव्हर्नर कॉनली त्याच सुमारास कळवळताना दिसतात. मध्ये ४२ फ्रेम काही केल्या बसत नाहीत. मग एकतर दोघांना एकच गोळी लागली, नाहीतर दोन बंदुका होत्या. ती बदनाम 'एका गोळीची' थिअरी या हिशोबातून आली, कोणाच्या लहरीतून नाही. वादच घालायचा असेल तर इथे घाला, इथे खरा दम आहे.

कॉनली स्वतः मरेपर्यंत म्हणत राहिले की पहिली गोळी मला लागली नाही, मी तिचा आवाज ऐकला, वळलो आणि मग मला लागलं. त्यांच्या पत्नीही तेच सांगत. ग्रुपवर हे हुकमाचं पान म्हणून टाकतात. पण रायफलची गोळी आवाजाच्या पुढे धावते. जी लागली तिचा आवाज आधी ऐकू येणारच नाही. त्यांनी ऐकलेली गोळी आधीची, बहुधा नेम चुकलेली. साक्षीदार खरं बोलत होता, आणि तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

मान मागे गेली त्याचं काय? डोक्याला गोळी लागते ती फ्रेम ३१३. त्याच्या अगदी आधीच्या फ्रेमपासून ३१३ पर्यंत डोकं किंचित पुढे गेलेलं मोजता येतं आणि मग मागे फेकलं जातं. ३१३ हललेली आहे, म्हणून ते पुढे जाणंही काहींना मान्य नाही. लुइस आल्वारेझ या नोबेलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेप गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवलं होतं की खरबूज उलट बंदुकीच्या दिशेने उडू शकतं. त्याचा तो निबंध १९७६ चा. खरबूज म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. पण 'मागे गेली म्हणजे पुढून आली' हे गणित इतकं सरळ नाही.

आणि ही फिल्म मुकी आहे. किती बार झाले हे ती सांगतच नाही. ते साक्षीदारांना विचारायचं, आणि तेही जपून. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक घराघरात नसली तरी वाडीत एखादी असतेच (निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा). रात्री डुकरावर बार झाला की सगळी वाडी जागी होते. किती झाले, यावर सगळ्यांचं एकमत. कुठल्या अंगाला झाला, यावर सकाळी चहाच्या टपरीवर भांडण. डोंगर आवाज परत फेकतो. खून झाला त्या डीली प्लाझा चौकाला तीन बाजूंनी इमारती आणि पुढे रेल्वेचा पूल. अमेरिकन संसदेच्या समितीने १७८ साक्षीदारांचे जबाब मोजले तेव्हा १३२ जणांनी बार तीन सांगितले. दिशेवर मात्र ७८ जणांना सांगताच आलं नाही, ४९ जणांनी मागच्या, ऑस्वाल्ड जिथे होता म्हणतात त्या पुस्तकांच्या गोदामाकडे बोट दाखवलं आणि २१ जणांनी पुढच्या हिरवळीच्या टेकाडाकडे. क्लिपवाले हे २१ तेवढे उचलतात.

सगळ्यात अस्वस्थ करणारा जबाब जॅकलिन केनेडींचा. फिल्ममध्ये त्या धावत्या गाडीच्या मागच्या डिकीवर चढताना स्पष्ट दिसतात, अंगरक्षक क्लिंट हिल पळत येऊन त्यांना आत ढकलतो. १९६४ च्या जूनमध्ये कमिशनने विचारलं तर त्या म्हणाल्या, तसे फोटो आहेत खरे, पण मला काही आठवत नाही. त्या कोणाला वाचवत नव्हत्या, काही लपवत नव्हत्या. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई. तिच्याच आयुष्यातले ते काही सेकंद तिच्याकडे नाहीत, कपड्यांच्या कारखानदाराच्या कॅमेऱ्यात आहेत. हे वाचल्यावर मी "प्रत्यक्षदर्शी खोटं बोलतोय" हे वाक्य वापरणं फार कमी केलंय. गाडी जागीच थांबली असं शपथेवर सांगणारे कितीतरी जण होते. फिल्ममध्ये ती फक्त मंदावते. ते तरी कुठे खोटं बोलत होते?

उलट बाजूही आहे. श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ च्या रात्री, राजीव गांधींची हत्या झाली तेव्हा, फोटोग्राफर हरिबाबू स्फोटात गेला, कॅमेरा मात्र वाचला. त्यातल्या दहा फोटोंत हार घेतलेली बाई होती, पांढऱ्या कुर्त्यातला माणूस होता. पण फोटो नाव सांगत नाही. तो माणूस म्हणजे कटातला शिवरासन हे कळायला पोलिसांना माणसंच विचारावी लागली.

मला विचाराल तर डॅलसमध्ये तिन्ही बार मागून झाले असं मला वाटतं. त्यामागे कोण होतं, हे कुठल्याही फ्रेममध्ये नाही. संसदेच्या त्या समितीने १९७९ मध्ये पोलिसांच्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणावरून चौथा बार ऐकला आणि कट 'बहुधा' होता म्हटलं; १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या मंडळाने तो आवाज वेळेतच बसत नाही हे दाखवलं. गंमत म्हणजे आपल्याकडेही चौथी गोळी आहेच. गांधीखुनात चौथी गोळी होती म्हणून फेरतपासाची मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती, मार्च २०१८ मध्ये ती फेटाळली. तिथे तर फिल्मही नव्हती.

तर आता ग्रुपवाल्यांना विनंती. मूळ रिळात दातऱ्यांच्या छिद्रांमधल्या पट्टीतही चित्र उमटलंय, पडद्यावर दाखवताना ते कापलं जातं. ती पट्टी असलेली, न सुधारलेली, फ्रेमचे नंबर असलेली प्रत पाठवा, मी सगळं काम बाजूला ठेवून तुमच्याबरोबर बसतो. लाल बाण आणि म्युझिकवाली आली तर बघितल्याशिवाय डिलीट.