बोटीवरची एकमेव नोट

चोंगचिंगहून यीचांगपर्यंत यांगत्से नदीतून बोटीने जायचं ते तीन प्रसिद्ध दऱ्या बघायला, असं सहलीच्या माहितीपत्रकात असतं. आमच्या बोटीवर बहुतेक सगळी निवृत्त चिनी मंडळी होती. दऱ्या यायला वेळ होता, तोवर त्यांनी आम्हा नवराबायकोला बघून घेतलं.

पहिल्याच जेवणाला शेजारच्या काकूंनी फोन तोंडासमोर धरून चौकशी सुरू केली. वय किती? मुलं किती? पगार किती? घर स्वतःचं की भाड्याचं? फोनमधली बाई प्रत्येक प्रश्न निर्विकार इंग्रजीत विचारायची. हा प्रश्नसंच आमच्या साताऱ्याच्या आत्याला तोंडपाठ आहे, त्यामुळे उत्तरं तयार होती. पगाराचा आकडा युआनमध्ये करून सांगितल्यावर काकूंनी फिरतं टेबल हलकेच वळवलं आणि सगळे वाफवलेले पाव आमच्यासमोर आणून ठेवले. आम्ही मांस खात नाही हे त्यांना तत्काळ पटलं. वांग्याच्या भाजीत खिमा होता, पण तो चवीपुरता, तो मोजायचा नसतो!

पाण्याचं मात्र पटत नव्हतं. चोंगचिंग ही चीनमधल्या नावाजलेल्या 'भट्ट्यां'पैकी एक, त्यात ऐन जुलै. मी थंड पाणी मागितलं की काकू माझ्या बायकोकडे करुणेने बघायच्या. त्यांच्याकडे प्रत्येकाचा थर्मास, आणि सर्दी, पोट, गुडघा, सुनेशी भांडण, सगळ्यावर औषध एकच : गरम पाणी. आशियातल्या सर्वांत लांब नदीवर मी घोटभर गार पाण्यासाठी तळमळत होतो.

मग ख्वेइमन आलं. छुथांग दरीचं हे तोंड, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून नदी. हेच दृश्य दहा युआनच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापलंय. त्यामुळे इथे नोट कड्यांसमोर धरून फोटो काढायचा हा रिवाज. अख्खी बोट डेकवर आली आणि तेव्हा लक्षात आलं, की नोट कोणाकडेच नाही. भाजीवालीपासून सगळ्यांना फोनवरून पैसे देणारा देश! रोख बाळगणारा प्राणी एकच, मी. कारण फोनवरचं ते अ‍ॅप माझ्या कार्डाला हिंग लावून विचारत नव्हतं.

मी खिशातून नोट काढली मात्र, काकूंनी ती घेतली. त्यांच्याकडून त्यांच्या मैत्रिणीकडे, तिच्याकडून टोपीवाल्या काकांकडे, तिथून एका नाचणाऱ्या मंडळाकडे. हे मंडळ रोज संध्याकाळी डेकवर स्पीकर लावून नाचायचं आणि त्यांच्या प्रत्येकीला स्वतंत्र फोटो हवा होता. रांग लागली. रांगेत कोणीतरी घुसलं. भांडण झालं. ते मिटवायला दोन्ही पक्षांना गरम पाणी दिलं गेलं.

एक आजोबा तेवढे कठड्याशी शांत उभे होते. मी जवळ गेलो तर त्यांनी मागे, फंगच्ये गावाच्या दिशेला, पाण्याकडे बोट दाखवलं. जुनं फंगच्ये तिथे खाली आहे. या दऱ्यांच्या खाली बांधलेल्या 'थ्री गॉर्जेस' धरणाचं पाणी १७५ मीटरपर्यंत चढवलं, तेव्हा गावंच्या गावं वर हलवली, तेरा लाखांहून जास्त माणसं उठली. आजोबांचं घर त्यातलंच. मला काय बोलावं सुचेना. आजोबांना सुचलं. त्यांनी फोन पुढे केला आणि फोनमधली बाई म्हणाली, "नोट तुमची आहे ना? मग माझा नंबर आधी लावा."

छुथांग दरी जेमतेम आठ किलोमीटरची. नोट माझ्या हातात परत आली तेव्हा ती घामाने मऊ झाली होती आणि समोर सिमेंटची गोदी दिसत होती.

रात्री काकूंनी सगळ्यांचे फोटो फोनवर पाठवले. सुंदर आले होते. प्रत्येकात कडे, कड्यांपुढे नोट, नोटेमागे हसरा चिनी चेहरा. आणि कोपऱ्यात, हात अर्धा पुढे केलेला, नोटेवरून नजर न हलवणारा मी.