‘आंदोलनाचे टी-शर्ट विकले तर बिघडलं कुठे?’ सांगतो कुठे ते

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : नट-गायकांनी आंदोलनाच्या घोषणा छापलेले कपडे विकले तर आंदोलनाची फुकट जाहिरात होते, खादीही विकलीच जायची, आणि घेणारा राजीखुशीनं घेतो, मग तुमचं काय जातं?

आधी जाहिरातीचं बघू. 2011 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ हे बड्या बँका आणि आर्थिक विषमतेविरुद्धचं आंदोलन सुरू झालं. दोन महिन्यांत रॅपर जे-झीच्या ‘रोकावेअर’ या कपड्यांच्या कंपनीनं त्याच घोषणेतला ‘वॉल’चा W खोडून, शेवटी S जोडून ‘ऑक्युपाय ऑल स्ट्रीट्स’ असे टी-शर्ट काढले. किंमत 22 डॉलर. आंदोलनाला पैसे द्यायचं आपण काही कबूल केलेलं नाही, हे कंपनीनंच सांगितलं. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत जे-झीनं या लोकांना नेमकं हवंय काय, हेच कळत नसल्याचं बोलून दाखवलं. ज्याला मागणीच कळली नाही तो जाहिरात कसली करणार?

नामवंत माणसानं आंदोलनाला उजेडात आणणं कसं असतं, हे आपल्या नंदुरबारवाल्यांना वेगळं सांगायला नको. अक्कलकुवा-धडगावची गावं सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेली. 2006 मध्ये आमिर खान नर्मदेच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी बोलला, तर गुजरातच्या थिएटरांनी त्याचा ‘फना’ सिनेमा लावलाच नाही. त्याचे इतर निर्णय मला पटतातच असं नाही, पण इथे झळ त्याच्याच सिनेमाला बसली.

खादीचा दाखला तर फैजपूरच्या मुलखात तरी देऊ नये. 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथेच भरलं, सोबत खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही होतं. खादी विकली जायची, खरंच. पण त्याच्या वर्षभर आधी गांधीजींच्या चरखा संघानं सूत कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचं ठरवलं होतं. खादी महागेल हे माहीत असून. तिथे विक्री कातणारीसाठी होती.

इथे हिशेब उलटा. एका टी-शर्टला सरकीसकट पाऊण किलो कापूस धरा, तोही हात सैल सोडून. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला जेमतेम 56 रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. व्यापारी गावात येऊन, खेडा खरेदीत काय भाव लावतो, ते चोपडा-यावलकडे कुणालाही विचारा. 22 डॉलर म्हणजे तेव्हाचे हजार-अकराशे रुपये. त्यात शिलाई, छपाई, दुकानभाडं सगळं येतं, मान्य. पण घोषणा ज्यांची, त्यांना एक पैसाही द्यायचं कबूल नाही.

राजीखुशीचं म्हणाल तर घेणाऱ्या पोरांवर माझा राग नाहीच. त्यांना वाटतं आपण चळवळीला हातभार लावतोय. तोच समज विकला जातो. अण्णा हजारेंच्या उपोषणात टोप्या विकणाऱ्या फेरीवाल्याला यात ओढू नका. तो दिवसाची रोजी काढत होता, स्वतःला क्रांतिकारक म्हणवून घेत नव्हता.

मेसेज पुढे पाठवणाऱ्या भाऊंना एवढंच विचारतो : पुढच्या वेळी असा टी-शर्ट दिसला, तर किमतीतले किती रुपये कुणाला जाणार, हे त्यावर कुठे छापलंय?