‘पंच विकला गेला’ म्हणणाऱ्यांनो, क्लिप सातव्या सेकंदाला थांबवा

सकाळपासून तीन ग्रुपांवर तीच क्लिप. २२ सेकंदांची, कुठल्याशा गावच्या सामन्यातली, आणि वर लिहिलंय ‘पंच विकला गेला’. एवढ्या भांडवलावर एका माणसाची इभ्रत काढायची! तुम्हा सगळ्यांना व्हॉलीबॉल आवडतो हे धरून चालतो, म्हणून ज्यांनी ती पुढे ढकलली त्यांनी जरा बसून वाचा.

पहिली ओरड ‘डबल!’. सर्व्हिस आखूड पडते, लाल संघाचा सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, पुढे येऊन ती वरच्या हातांनीच घेतो. बॉल आधी डाव्या हाताला लागतो, मग उजव्या, आणि भोवऱ्यासारखा फिरत वर जातो. दोनदा लागला, हो. चालतो. संघाच्या पहिल्या स्पर्शाला एकाच हालचालीत बॉल लागोपाठ दोनदा लागला तर फाउल नाही. मग ती सर्व्हिस असो, स्मॅश असो, नाहीतर ब्लॉकवरून, म्हणजे नेटवर अडवायला उचललेल्या हातांवरून, आलेला असो. पकडून फेकला, म्हणजे होल्डिंग केलं, तर मात्र पहिल्या स्पर्शालाही शिट्टी. दुसऱ्या स्पर्शाला सेटरचे हात मागेपुढे लागले की डबल. पण तिथेही ‘बॉल फिरला’ हा पुरावा नव्हे! बॉल किती फिरला यावर नियमात काहीही नाही. चांगला पंच सुटलेल्या बॉलकडे बघत बसत नाही, हात बघतो. दोन्ही हातांतून एकदम सुटलेला बॉलही फिरू शकतो, आणि दोनदा लागलेला कधीकधी अगदी शांत जातो.

दुसरी ओरड ‘चार झाले!’, म्हणजे तीनऐवजी चार स्पर्श. ही लाल संघाच्या पाठीराख्यांची. त्यांचा स्मॅश निळ्यांच्या ब्लॉकला लागून निळ्यांच्याच बाजूला उडाला, मग निळ्यांनी तीन स्पर्श केले. अहो, ब्लॉक मोजायचा नसतो. त्यानंतर पूर्ण तीन मिळतात, आणि त्यातला पहिला ब्लॉक करणाऱ्यानेच घेतला तरी चालतं.

आता ‘नेट!’. सगळा दंगा यावरच. निळ्यांचा तिसरा बॉल जोरात नेटमध्ये घुसला, नेट फुगलं आणि लाल ब्लॉकरच्या मनगटाला लागलं. पॉइंट लालला. बरोबरच आहे. बॉलने ढकललेलं नेट तुमच्या अंगावर आलं तर तुमची चूक नाही, तुम्ही नेटला लागलात तर चूक. तीही दोन अँटेनांच्या, म्हणजे नेटच्या दोन्ही कडांना उभ्या लावलेल्या काठ्यांच्या, मधे आणि बॉल खेळण्याच्या ओघात, म्हणजे उडी घेतल्यापासून खाली येऊन सावरेपर्यंत. अँटेनाबाहेरची दोरी किंवा खांब लागला आणि समोरच्याला अडथळा झाला नाही, तर खेळ चालू. उलट ‘बॉल तर केव्हाच गेला होता’ म्हणणारा स्मॅशर खाली येताना छाती नेटला घासतो, तेव्हा शिट्टी होणारच.

खाली कुणीतरी ‘पाय पण आत गेला’ असंही लिहिलंय. पाय पलीकडे टेकला तरी त्याचा थोडा भाग नेटखालच्या सेंटर लाइनवर किंवा तिच्या बरोब्बर वर असला आणि कुणाच्या खेळात आड आला नाही, तर चालतो. अख्खा पंजा पलीकडे गेला की फाउल. ते बघायला दुसरे पंच खाली खांबाजवळ उभे असतात. तुमच्या मोबाइलपेक्षा जवळ.

कबूल, या पंचांनी खुणा धड केल्या नाहीत. शिट्टी, मग सर्व्हिस कुणाची तो हात, मग चूक कसली ती खूण, एवढं शांतपणे केलं असतं तर निम्मा गलका बसला असता. पण विचारायला जायचं ते मैदानावरच्या कॅप्टनने, तेही नियम कसा लावला एवढंच. क्लिपमध्ये तर बाकावरचे सगळे आणि खुर्चीतले पाहुणेसुद्धा पंचांच्या शिडीखाली!

आता खरी गोष्ट. तीच क्लिप सातव्या सेकंदाला थांबवा. पहिला बॉल सेटरनेच घेतला, त्यामुळे दुसरा उचलायला वेगळ्या जर्सीतला लालचा लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठी असलेला खेळाडू, धावला आणि त्याने डोक्यावरून बोटांनी पास दिला. त्याचा उजवा पाय बघा. नेटपासून ३ मीटरवरच्या रेषेवर आहे, आणि ती रेषा पुढच्या झोनमध्येच धरतात. लिबेरोने पुढच्या झोनमधून बोटांनी वरून दिलेला बॉल, तो पूर्ण नेटच्या वर असताना, पुरुषांच्या सामन्यात म्हणजे २.४३ मीटरच्या वर, मारून पलीकडे धाडला की अटॅकचा फाउल. लालचा स्मॅश निळ्यांच्या ब्लॉकला लागला त्या क्षणी अटॅक पूर्ण झाला. तोच पाय वीतभर मागे असता, किंवा पास अंडरहँड असता, किंवा रेषेमागून उडी घेऊन हवेतच दिला असता, तर काही नव्हतं.

म्हणजे पंच चुकले. ही नजर शिडीवरच्या पहिल्या पंचांनीच ठेवायची असते, नाकारत नाही. पण स्मॅशरची उडी, ब्लॉकचे हात आणि नेटची वरची पट्टी एकदम बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून मागचा एक पाय निसटतो, त्यासाठी विकलं जावं लागत नाही.

पॉइंट निळ्यांचा होता, ‘चार’ आणि ‘नेट’ व्हायच्या आधीच. निळ्यांचं अर्धं गाव मैदानाच्या कडेला उभं आहे. सातव्या सेकंदाला आवाज वाढवून ऐका, एकजण ओरडलेला नाही.