पुण्याहून मुंबई एअरपोर्टला किती वाजता निघावं? (अनुभवी सल्ला, फुकट)

किती वेळ लागतो हे दहा जणांना विचारत बसू नका. फक्त त्या मेव्हण्याला विचारा जो एकदा दोन तास दहा मिनिटांत पोचलेला. कधी, तर लॉकडाऊनमध्ये, पास काढून. तोच आकडा धरायचा, घरात गेली पाच-सहा वर्षं तोच चालतोय.

गणित पण सोप्पंय. एक्सप्रेसवे 94.5 किलोमीटर, कारला लिमिट 100 ची, म्हणजे तासाच्या आत खेळ खल्लास. घाटात लिमिट 60 ची आहे आणि तिथे एक ट्रेलर वीसच्या स्पीडने उतरतोय आणि दुसरा त्याला एकवीसने ओव्हरटेक करतोय आणि तुम्ही दोघांच्या मागे, असल्या बारीकसारीक गोष्टीत शिरू नका.

मॅपवर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवा. तीन तास बावीस मिनिटं दाखवतो, त्यातली ती बावीस बघून किती बरं वाटतं! आता तुम्ही वाकडला असताना जो कंटेनर अजून आडवा झालेलाच नाही तो मॅपला कुठून दिसणार, पण ते जाऊ दे.

ट्रॅफिकचे इंजिनियर लोक म्हणतात सरासरी बघू नका, 95 पर्सेंटाइल बघा, म्हणजे वीसातल्या एकोणीस वेळा पोचाल एवढा वेळ हातात ठेवून निघा. ऑफिसचं ठीके हो, महिन्यात एकदा लेट मार्क. पण फ्लाईट नेमकी विसाव्या वेळीच असते.

घाटात गाड्या थांबल्या की घड्याळ बघू नका, पुढच्या गाडीतल्या काकांकडे बघा. ते आत बसलेत तोवर दहा मिनिटांचं काम. खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभे राहिले तर अर्धा तास, आणि काकूंनी डबा उघडला की एअरलाईनला फोन लावायचा. तेवढ्यात घरून विचारलंच तर वाशीला आलो म्हणून सांगा, खालापूरपासून पुढे सगळी वाशीच.

आणि सासऱ्यांचं ऐकून सात तास आधी अजिबात निघू नका. आम्ही निघालो, त्या दिवशी रस्ता असा मोकळा की तीन तासांत एअरपोर्ट, मग चार तास बाकड्यावर आणि दोनशेचा चहा. घरी एकमताने ठरलं की उगाच घाबरवलं, पुढच्या वेळी चार तास आधी निघालं तरी भरपूर.

पुढची वेळ येत्या शुक्रवारी आहे. लाँग वीकेंड.