नदीला जागा द्यायची, पण कोणाच्या खिशातून?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे. दादाच्या घरात तेव्हा पाणी किती चढलं ते जिन्याच्या भिंतीवर आजही दिसतं. सातव्या पायरीच्या वर एक तपकिरी रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी ती उमटून येते. यंदा सुट्टीत गेले तेव्हा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मुरमाचे डंपर रिकामे होत होते. पुराचं पाणी आधी त्या प्लॉटवर पसरायचं, मग घराकडे यायचं. "परवानगी आहे त्यांना. निळ्या रेषेच्या बाहेर आहे जागा," दादा म्हणाला.

निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला जवळपास बंदी. दोन्ही रेषांच्या मधे मात्र बांधता येतं, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटीमीटर वर ठेवलं की झालं. नव्या घरापुरता हा नियम चांगलाच आहे. पण जोतं उचलायला भराव टाकला की त्या जागेवर मावणारं पाणी कुठे जायचं? परवानगी एकेका प्लॉटला मिळते. पूर सगळ्या भरावांची बेरीज घेऊन येतो.

मी 11 वर्षं नेदरलँड्समधल्या नायमेगनमध्ये राहते. 1995 मध्ये इथल्या नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. नदीकाठचे बांध आणखी उंच करत राहण्याचा मार्ग या देशाला चांगला माहीत होता. तरी त्यांनी 'नदीला जागा' नावाचा कार्यक्रम आखला आणि तिसाहून जास्त ठिकाणी नदीचं पात्र मोकळं केलं. आमच्या शहरासमोर, लेंटच्या बाजूला, वाल नदीच्या काठचा बांध 350 मीटर मागे घेतला आणि मधल्या जमिनीत नवा प्रवाह खोदला. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडली. लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आणि तो विरोध खरा होता. त्या काठावर जन्म काढलेली माणसं होती ती. आज हिवाळ्यात नदी फुगली की मी तिथल्या पुलावरून चालत जाते. खाली पाणी दोन वाटांनी शांतपणे जात असतं.

घरच्यांना हे सांगितलं की उत्तर ठरलेलं: "त्यांच्याकडे पैसा आहे." आहेच. त्या कार्यक्रमाला सुमारे 2.3 अब्ज युरो लागले. पण तो पैसा नुसत्या काँक्रीटवर गेला नाही, जमिनीवर आणि माणसांवरही गेला. ज्याची जागा घेतली त्याला घराची किंमत मिळालीच, शिवाय स्थलांतराचा खर्चही. ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीत, तर शेतकऱ्यांनीच योजना पुढे केली: आमचे गोठे आणि घरं उंच टेकाडांवर बांधू, पूर आला तर शेतात पाणी येऊ द्या. 17 कुटुंबांपैकी 8 तिथे राहिली, बाकीच्यांनी मोबदला घेऊन दुसरीकडे बस्तान हलवलं.

आपल्याकडची चर्चा मात्र कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, पुराचं पाणी दुष्काळी भागात वळवणं आणि नदीकाठच्या संरक्षक भिंती यांभोवती फिरते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, त्यावर भांडायलाच हवं. जमिनीचा विषय निघतो तो 'अतिक्रमणं हटवा' एवढ्यापुरता. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनेही अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. पण दादाच्या शेजारचा भराव अतिक्रमण नाही, तो रीतसर आहे. आणि ज्याच्या सातबाऱ्यावरची दहा गुंठे जमीन नकाशावरच्या एका रेघेने एका दिवसात कवडीमोल होते, तो माणूस त्या रेघेशी लढणारच. मी त्याच्या जागी असते तर मीही लढले असते.

रस्त्यासाठी किंवा बागेसाठी आरक्षित जमीन दिली तर आपण मालकाला टीडीआर देतो, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. पूरक्षेत्रातली जमीन कायमची मोकळी ठेवणाऱ्यालाही तो द्यावा. लहान शहरांत टीडीआरला गिऱ्हाईक मिळत नाही, तिथे रोख रक्कम द्यावी लागेल. उसाच्या शेतात पाणी साठू देणाऱ्याला दर वर्षी ठरलेला मोबदला मिळावा, पूर येवो न येवो. पूर ओसरल्यावर सानुग्रह अनुदान वाटतोच ना आपण?

डच लोकांना सगळं जमलं असं मी म्हणत नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, त्याच्या आठवडाभर आधी इथलं फाल्कनबर्ग बुडालं होतं. मोठ्या नद्यांकडे लक्ष दिलं आणि तिथली छोटी गेल नदी गावात शिरली.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की आपल्याकडे हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. बहुतेक लोक अर्ज करतात ते स्वतःच्या जमिनीवरचं आरक्षण उठवा म्हणून. पुढचा मसुदा निघेल तेव्हा, दोन रेषांमधल्या उरलेल्या मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवा असा अर्ज कर, असं मी दादाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि त्या जागांच्या मालकांना काय द्यायचं, तेही लिहू?"

"ते आधी लिही," मी म्हटलं.