चार डंपर मातीत बागायत? जरा ब्रासचा हिशोब करा

गणपतीपासून गावच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय. वर कलिंगडाच्या हिरव्यागार वेलांचा फोटो. खाली मजकूर, थोडक्यात असा: चिरेखाण (जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण) संपली की जमीन आयती सपाट मिळते, खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, चार डंपर माती टाकून ठिबक फिरवलं की बारमाही बागायत तयार. लोखंडाच्या खाणींचंही असंच करता येईल. कातळ तसाही पडीकच, मग नुकसान कसलं?

मालवण तालुक्यात आमच्या सामाईक सड्यावरही, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाण होती. ती बंद पडल्यावर त्यातले दहा गुंठे मी कसतो. त्यामुळे खाणीत शेती होतच नाही असं मी म्हणणार नाही. होते, पण ढकलपत्रात लिहिलीय तशी नाही.

आधी माती. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर फूटभर माती पसरायची तर जवळपास ११ ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एकराला ४३५ ब्रास, म्हणजे तीन ब्रासच्या डंपरच्या १४५ खेपा. चार डंपर एकरभर पसरलेत तर थर होईल आठ मिलिमीटरचा. त्यात मेथीसुद्धा नीट उभी राहायची नाही. आणि १४५ खेपा माती आणणार कुठून? कुणाचा तरी मळा नाहीतर डोंगराची कूस खरवडूनच ना?

यावर ठरलेलं उत्तर येतं, की खाणीत भुगा पडलेलाच आहे, तो वापरा. मी वापरला. पहिल्या पावसात मका टाकला. वीतभर वाढला आणि पानांच्या कडा जांभळ्या पडल्या. सुपर फॉस्फेट दिलं तरी फरक नाही. काका बांधावरूनच म्हणाले, "ही माती न्हय रे, चिऱ्याचो भुगो हा." खरंच होतं ते. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि पिकाला मिळू देत नाहीत. त्यात कुजलेलं काही नाही, गांडूळ नाही.

मग कुणी सांगतं, सगळीकडे माती कशाला, नुसते खड्डे भरा आणि कलमं लावा. शेजाऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे पाडले होते. त्यातलं एक मेलेलं हापूसचं कलम उपटताना मी होतो. मुळं बाहेर गेलीच नव्हती. खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल गोल फिरलेली, बुरुडाने टोपली विणावी तशी.

आता पाणी आणि तो 'सपाट'पणा, कारण दोन्ही एकच भानगड आहे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. सपाट तळातून पाणी जायला वाट नसेल तर मुळं पावसात कुजतात, आणि तळ सच्छिद्र जांभ्याचा असेल तर तीच जागा पुढे ठणठणीत कोरडी. माझ्या खाणीत दसऱ्याला गुडघाभर पाणी होतं, नाताळात पोरं क्रिकेट खेळत होती. खाली चिकण थर लागलेल्या खाणींत पाणी टिकतं, हेही खरं. पण उन्हाळी भाजीच्या एका एकराला दिवसाला वीसेक हजार लिटर लागतात. तुमच्या खड्ड्यात मार्चअखेर किती उरतं ते एकदा काठी बुडवून बघा, मग ठिबकचं बुकिंग करा.

लोखंडाच्या खाणींबद्दल एवढंच: जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात खाणीतलं साचलेलं पाणी आणि गाळ फुटून घरांत आणि बागायतीत शिरला. त्या खड्ड्याला 'शेततळं' म्हणायची ज्याची छाती असेल त्याने म्हणावं.

आणि पडीक कातळ? त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. त्यांतली काही २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात तिथे दिपकाडीची रानफुलं फुलतात. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना जातं. आमची गुरंही दिवाळीपर्यंत तिथलंच गवत खायची.

माझ्याकडे जे थोडं जमलं ते असं. एका कोपऱ्याकडे उतार काढला आणि तिथेच प्लास्टिक अंथरून छोटं तळं केलं. उभे कडे पायऱ्यांसारखे उतरवले. तळाला डबर, त्यावर बारीक चुरा, सगळ्यात वर खाण उघडताना बाजूला काढलेली माती. ती फक्त तीन गुंठ्यांना पुरली, कारण बाकीची ठेकेदाराने रस्त्यावर पसरून टाकली होती. त्या तीन गुंठ्यांत दोन वर्षं ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडला, गिरिपुष्पाचा पाला आणि शेणखत घातलं, मग कुळीथ, चवळी. यंदा चौथ्या वर्षी कलिंगड लावलंय.

उरलेल्या सात गुंठ्यांत अजून तागच आहे.