‘साधा होल्डर मागितला, महागडे जीपीएस गळ्यात मारले’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. मोटरसायकलसाठी मोबाइलचा होल्डर घ्यायला आलो असताना स्वतंत्र जीपीएस, म्हणजे रस्ता दाखवणारे यंत्र, गळ्यात मारले, डाव्या ग्रिपजवळ बसवायला सांगूनही ते हँडलच्या मध्यावर बसवले, दुसरीकडे पंधरा मिनिटांत होणाऱ्या वायरिंगसाठी गाडी दिवसभर ठेवून घेऊन वेगळी मजुरी लावली आणि एवढे करून महाबळेश्वरला जाताना त्या यंत्राने भलत्याच घाटात नेले, असे आपले म्हणणे आहे. आम्ही जे केले ते विचारपूर्वक केले होते, म्हणून त्याची कारणे सविस्तर मांडतो.

आपली गाडी ४११ सीसीची, एका सिलिंडरची रॉयल एनफील्ड हिमालयन आणि फोन आयफोन. इंजिनाची थरथर हँडलमधून थेट फोनला बसत राहिली, तर कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी आणि फोकस साधणारी नाजूक यंत्रणा कालांतराने बिघडू शकते, अशी सूचना ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली आहे. त्यामुळे थरथर शोषणारा रबरी डँपर नसलेला कडक होल्डर अशा फोनसाठी आम्ही कोणालाच विकत नाही. डँपर असलेला होल्डर मात्र आपल्याला त्याच वेळी दाखवला होता आणि शहरातील रोजच्या वापरासाठी तो पुरेसा आहे, असे आजही सांगू.

स्वतंत्र यंत्राचा विषय निघाला तो आपण पावसाळ्यात ताम्हिणी आणि आंबोलीला, पुढे स्पितीला जाणार असल्याचे सांगितल्यावर. नेटवर्क गेले की फोन निकामी होतो, ही समजूत चुकीची आहे. उपग्रहांचे संकेत नेटवर्कशिवायही मिळतात आणि नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फोन रस्ता दाखवतो. खरी अडचण पाण्याची आणि उन्हाची आहे. काचेवर पावसाचे थेंब पडू लागले की पडद्याला ते बोटाचे स्पर्श वाटतात आणि नकाशा आपोआप सरकू लागतो. चार्जिंगचे तोंड ओले झाले की चार्जिंग थांबते. उन्हात फोन तापला की पडदा स्वतःहून मंद होतो, म्हणजे नेमका दिसायला हवा तेव्हा दिसत नाही. शिवाय दुर्गम भागात अपघात झाला तर मदत मागायचे साधन फोनच, ते दिवसभर हँडलवर तापत आणि भिजत ठेवू नये, असे आमचे ठाम मत आहे. आपण घेतलेले यंत्र आयपीएक्स७ दर्जाचे आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी शिरू नये अशी त्याची चाचणी असते, आणि ते हातमोजे घालूनही चालते.

जागेबद्दल. हँडल वळताना ग्रिपजवळचा भाग सर्वांत जास्त फिरतो, थरथरही टोकांकडे अधिक जाणवते आणि केबल प्रत्येक वळणाला ताणली जाते. मध्यावर, स्टेमच्या (हँडल ज्या उभ्या दांड्यावर फिरते त्याच्या) जवळ, हे सगळे कमी असते आणि नजर रस्त्यावरून फार हटवावी लागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना एका सेकंदात गाडी १६ मीटरहून अधिक पुढे जाते. डावीकडे बसवल्यास चालवतानाच पडद्याला हात लावता येईल, हे आपले कारण आम्हाला पटले नाही, कारण ते काम गाडी थांबवूनच व्हायला हवे.

आता वायरिंग, ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त राग आला आहे. पंधरा मिनिटांचे काम म्हणजे हॉर्नची वायर सोलून, तिथे जोड मारून, वरून टेप गुंडाळणे. अनेक गाड्यांत हॉर्न, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. तो जोड पावसात शॉर्ट झाला तर रात्रीच्या घाटात मागच्याला ब्रेक लाइट दिसणार नाही. आम्ही मूळ वायरिंग कुठेही न कापता बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, बॅटरीजवळ तिला स्वतंत्र फ्यूज दिला आणि मध्ये रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) बसवला, ज्यामुळे किल्ली बंद केली की यंत्राचा सप्लायही बंद होतो. असे केले नाही तर माउंटमधील (यंत्र ज्यावर बसते त्या बैठकीतील) सर्किट थोडा थोडा करंट ओढत राहते आणि पावसाळ्यात काही आठवडे उभी राहिलेली गाडी सेल्फ मारत नाही. यासाठी सीट आणि टाकी उतरवावी लागते. हँडल उजवीकडे पूर्ण वळवल्यावर केबल स्टेमच्या स्टॉपरपाशी (हँडलचे वळणे जिथे अडते तिथे) दबत होती, म्हणून ती सोडवून, मोकळा वळसा ठेवून पुन्हा ओढली. दिवस त्यात गेला. मजुरीचा आकडा गाडी ठेवून घेण्याआधी लिहून दिला होता.

राहिला रस्ता. सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणी घाटाने न नेता यंत्राने भोरवरून मांढरदेवीच्या घाटात घातले, असे आपण लिहिले आहे. मोटरसायकलसाठीच्या यंत्रांत वळणावळणाचे रस्ते शोधून देणारी सोय असते आणि ती चालू असेल तर हायवे टाळला जाणे स्वाभाविक आहे. मार्गाच्या सेटिंगमध्ये ‘वेगवान मार्ग’ निवडावा आणि कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू करावा.

गाडी एकदा दुकानात आणावी. नवीन माउंटचे बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळावेच लागतात, ते काम आणि ही सेटिंग आम्ही विनामूल्य करून देऊ. येताना यंत्रासोबत मिळालेली यूएसबी केबल आणावी, म्हणजे नकाशेही अद्ययावत करता येतील.

आपला विश्वासू,
दुकानमालक